डावा आणि उजवा

“मेल्या, आजच तुटायचं होतं तुला?” भर रस्त्यात मी माझ्या सँडलला विचारलं.

उत्तर मागून आलं... तेही मराठीत. “त्याला का बोल लावता? टाच कधीचीच सैल झाली असेल. लक्ष तुमचं नव्हतं.”

परक्या देशात आपल्या भाषेतला टोमणासुद्धा गोड लागतो. वळून पाहिलं, तर दुकानाच्या दारात चामड्याचा एप्रन घातलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला एक उंच माणूस उभा होता. नजर थेट माझ्या पायांवर.

“पायांकडे काय बघताय?”

“धंदा आहे माझा,” तो हसला. “या आत.”

ज्यांच्या पायांना बाजारातले जोडे होत नाहीत, त्यांच्यासाठी तो मापाचे जोडे बनवायचा. आणि मी? एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर पार्किंगचे नकाशे काढायचे. तीन वर्षं फक्त पार्किंग. गाड्यांची सोय झाली होती, माझी काही होत नव्हती.

टाच बसली, पण मी दर शनिवारी जातच राहिले. कागदावर पायाची रेघ कशी मारायची, लाकडी साचा कसा घासायचा, सगळं त्याने शिकवलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “एवढी शिकलीस आणि लोकांच्या पायाशी बसणार?” पण हसत होती. “तुझा आवाज बऱ्याच दिवसांनी असा ऐकतेय,” म्हणाली.

माझा पहिला जोडा एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंचा. बाई दोन पावलं चालल्या आणि मटकन बसल्या. “डावा छान आहे गं. उजवा चावतोय.”

त्याने उजव्याचा कागद उलटा करून डाव्याच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीशी धरले. रेघेवर रेघ! मी डावा पाय नीट मापला होता आणि उजव्यासाठी तोच उलटा करून घेतला होता. ऑफिसची सवय... अर्धं पार्किंग काढायचं, उरलेलं उलटवायचं.

“तुमच्या नकाशात चालत असेल,” तो हळूच म्हणाला. “पण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात.”

रागावला असता तर बरं झालं असतं. तो मात्र माझ्याबरोबर पुन्हा साचा घासायला बसला. पुढच्या वेळी बाई दारापर्यंत गेल्या, रस्त्यावर गेल्या आणि काठी आमच्याकडेच विसरल्या. त्या सोमवारी मी राजीनामा दिला.

आता साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर इथे राहण्याचा परवाना रद्द आणि गाशा गुंडाळून घरी. मी त्यालाच विचारलं, “मला ठेवाल कामावर?”

तो साच्यावरचा भुसा झटकत राहिला. “माझ्याकडे... नको.”

मी तशीच बाहेर पडले. चाळीस दिवस त्या रस्त्याला फिरकले नाही.

मग एका इस्पितळातून बोलावणं आलं. तिथे रुग्णांसाठी जोडे बनवण्याचा विभाग होता. तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, “तुमच्याबद्दल चार पानी पत्र आलंय. त्यात तुमची चूकही आहे, आणि ती तुम्ही कशी निस्तरलीत तेही.”

नेमणुकीचा कागद घेऊन मी तडक दुकानात गेले. “स्वतः नाही म्हणालात आणि पत्र चार पानी?”

त्याने पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. “माझ्याकडे नोकरी म्हणजे तुमचा परवाना माझ्या हातात. मग मी काही... विचारलं असतं, तर तुम्हाला ‘नाही’ म्हणता आलं असतं?”

माझे डोळे भरून आले. इतका विचार माझ्यासाठी कधी कुणी केला नव्हता. “आणि आता?”

“आता खुशाल म्हणा.”

मी त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, जमिनीवर कागद पसरला आणि गुडघ्यावर बसले. “पाय ठेव.”

पहिल्यांदाच मी त्याला ‘अरे-तुरे’ केलं होतं. त्याचे कान लाल झाले. डाव्या पायाभोवती मी सावकाश रेघ मारली.

“म्हणजे... हो?” त्याने विचारलं.

“आधी उजवा ठेव,” मी म्हटलं. “या वेळी दोन्ही मापणार आहे.”