आटायचं माप

कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच जा रे पोरांनो. नंतर दार उघडायला मी उठणार नाही.

ही माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट. ऐकीव नाही. तो दातांच्या लॅबमध्ये कारागीर. खडूसारख्या ठिसूळ वडीतून दात कोरायचे आणि मायक्रोवेव्ह भट्टीत भाजायचे. चुलीसारखं नुसतं बाहेरून नाही, ही भट्टी वस्तूला आतून तापवते. दात दगडासारखे टणक होतात, पण पाचवा हिस्सा आटतात. म्हणून आधी तेवढे मोठे कोरायचे.

एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंचे दात कोरताना हा आटायचं माप धरायलाच विसरला. दात तोकडे झाले. त्या लॅबमध्ये आल्या नि म्हणाल्या, "मास्तर, मी कापड आधी भिजवते, मग कापते. तुम्ही आटायचं धरलंत ना?"

यानं चार लोकांत त्यांचीच टर उडवली. "आजी, दात बरोबर आहेत. जबडाच तुमचा बेढब!"

चूक कबूल केली तर नोकरी जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात. तेच दात ओढूनताणून बसवले गेले. हिरड्या सडल्या. पंधरा दिवस पाण्यावर काढून बाई गेल्या. मला त्याचा आजही संताप येतो.

त्यानंतरची नऊ तारीख, गुरुवार, रात्रीचे पावणेबारा. सकाळी कुणाचे तरी दात द्यायचे होते, म्हणून साडू एकटाच लॅबमध्ये गेला. दात भट्टीत ठेवले. दार लावलं. बटण दाबलं.

भट्टी घुमू लागली...

उजव्या मनगटाला काहीतरी गार लागलं. शिलाईची टेप.

"मास्तर... चूक कुणाची?"

आवाज ओळखला त्यानं. नुसतं 'माझी' म्हणायचं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"तुमच्या जबड्याची," म्हणाला.

टेप आवळली.

हात तापला. आतून. कातडी गार... हाड लाल...

डाव्या हातानं टेप ओढली. सुटेना.

भट्टी थांबली.

सकाळी मीच त्याला घरी आणलं. भाजल्याची खूण नाही. मनगटापासून बोटापर्यंत मोजलं. डावा हात वीस सेंटीमीटर. उजवा सोळा. नखं पांढरीफटक, टेबलाला लागली की टणटण वाजायची.

म्हटलं, "बाबा रे, आता तरी बाईंच्या लेकीकडे जाऊन कबूल कर."

"जबडाच बेढब होता," म्हणाला.

परवा तो हात पुन्हा मोजला.

पावणेतेरा भरला.