पडदा, मोकळा

लतिका, मघाशी तालमीत मी तुझ्यावर ओरडलो, त्याचा राग धरू नकोस. दिव्यांवरच्या माणसाला तू चहा आणायला धाडलंस, ते ठीकच केलंस. चहा कोणाला नको असतो? पण त्याला मोकळं न करता धाडलंस. तुम्हा सगळ्यांना वाटतं, अण्णाला म्हातारचळ लागलाय, उठसूट नियम सांगतो. वाटू दे. येत्या मे महिन्यात मराठी राज्य होणार म्हणून तुम्ही नाटक करताय, चांगली गोष्ट आहे. पण त्याआधी एक ऐकून ठेवा. साडेदहा झालेत, ज्यांची ट्राम चुकणार असेल त्यांनी निघा. बाकीच्यांनी तो कपड्यांचा पेटारा इकडे ओढा आणि बसा.

ही गोष्ट लवू परबाची. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला मुलगा, गिरणीत बॉबिन खात्यात होता. निम्मी गोष्ट त्यानं मला सांगितली आणि निम्मी मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसून पाहिली. त्यामुळे मध्ये कोणी हसायचं नाही.

सत्तावन्न सालचा फेब्रुवारी, तारीख सोळा, शनिवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. उलट पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. निवडणूक तोंडावर आलेली, भिंती घोषणांनी रंगलेल्या, नाक्यानाक्यावर सभा. पहिली पाळी सुटल्यावर लवू गिरगावात गेला. गिरणीतल्या आमच्या मंडळाच्या नाटकासाठी चार फेटे, दोन दाढ्या आणि वकिलाचा एक काळा डगला भाड्यानं आणायचा होता. त्यानं दाढ्या उजेडात धरून पाहिल्या, एका फेट्याला भोक होतं तो बदलून घेतला, दुकानदाराशी नेहमीची घासाघीस केली आणि बोचकं मांडीवर घेऊन ट्रामनं लालबागला उतरला. हॉलवर पोचला तेव्हा सहा वाजले होते.

नाटक म्हटलं की तुम्हाला तोंडाला रंग फासलेला माणूसच दिसतो. त्याला हार, त्याला टाळ्या, पोरीही त्याच्याकडेच बघणार. मागं अंधारात घामाघूम झालेल्यांना कुत्रं विचारत नाही. आमच्या मंडळात मागं पाच जण असायचे. लवू सगळ्यांवर देखरेख ठेवायचा, म्हणून गिरणीतल्यासारखं त्याला जॉबर म्हणायचे. भिवा पुस्तक घेऊन बसायचा आणि नटांना शब्द पुरवायचा. बाबुराव दिवे सांभाळायचा, शेवंती कपडे. आणि पडद्याचा दोर धरायचा लवूचा धाकटा भाऊ, धाकू.

नियम माझा होता. तिसऱ्या घंटेआधी मागचे सगळे दिवे घालवायचे. अंधारात जॉबरनं एकेकाला हाक द्यायची. नावानं नाही, कामानं. "शब्द?" "तयार." "दिवे?" "तयार." एकदा तयार म्हटलं की जागा सोडायची नाही, जॉबर तुम्हाला 'मोकळा' म्हणेपर्यंत. नाटक संपलं, प्रेक्षक घरी जाऊन जेवून झोपले, तरी नाही. मी नाटक कंपनीत सुतार होतो तेव्हा एक शहाणा दोर सोडून विडी ओढायला गेला आणि वरचा बांबू खाली एका बाईच्या खांद्यावर आला. तेव्हापासून मी हे सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकत आलो.

धाकूच्या डोक्यात ते सगळ्यांत खोल बसलं. सतरा वर्षांचा किडकिडीत मुलगा. पण पडदा असा उघडायचा की बघत राहावं. आधी हातभर सावकाश, प्रेक्षकांना चाहूल द्यायला. मग एका दमात सगळा. बाकीचे नुसतं 'तयार' म्हणायचे, हा म्हणायचा, "तयार आसा." कपड्यांच्या कोपऱ्यातून शेवंतीचं फिसकन हसू यायचं.

आता त्याच्या आदल्या वर्षीचं सांगतो. छप्पनचा जानेवारी, तारीख सतरा, मंगळवार. त्या आठवड्यात मुंबईत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांनी ते खिडकीतून पाहिलंय. शहाण्या माणसांनी तालीम ठेवलीच नसती. पण ही विशीतली पोरं, त्यांना कोण शिकवणार? त्याच हॉलमध्ये रंगीत तालीम ठेवली. हाका झाल्या. धाकू तयार आसा म्हणाला. आणि फ्यूज उडाला.

लवू म्हणाला, "धाकू, नाक्यावरना फ्यूजची तार घेवन ये. आणि परत येवन हयच उभो रव."

"जातंय," धाकू म्हणाला आणि गेला.

लवूनं त्याला मोकळा म्हटलं नाही. पाच मिनिटांत तर येणार, त्यासाठी कशाला? नाक्यावर गोळीबार झाला. धाकू तेव्हा रस्ता ओलांडत होता.

रात्री लवू इस्पितळातून घरी आला. लोअर परळची खोली, आई दारातच बसलेली. तिनं विचारलं, "धाकलो खय रवलो?" लवू म्हणाला, "येतलो." आणि भिंतीला टेकून बसला. सकाळी माणसं येऊन सांगेपर्यंत तो दुसरं काही बोलला नाही.

त्यानंतर तो रडला नाही. बाराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. पाळीवर जायचा, समोर येईल ते जेवायचा, कोणी विनोद केला तर हसायचासुद्धा. तो लाकूड होऊन गेला होता, पोरांनो, दुसरा शब्द मला सापडत नाही. एकदाच माझ्याजवळ बोलला. "अण्णा, मी त्याला मोकळं केलं नव्हतं."

मी म्हटलं, "अरे, ते नाटकापुरतं असतं."

हे मी म्हटलं. नियम घालणाऱ्यानं. तो म्हणाला, "धाकू शब्दाशिवाय हलणारा नव्हता. मी त्याला परत येऊन उभा राहा म्हटलंय. तो उभा असेल तर?" मी त्याची समजूत घातली आणि घरी जाऊन दोन रात्री जागा राहिलो.

तर, फेब्रुवारीतला तो शनिवार. धाकू गेल्यावर त्या हॉलमध्ये मंडळाचा पहिलाच प्रयोग. पडद्याच्या दोरावर आता रामू होता, गिरणीच्या रंगखात्यातला. जॉबरची जागा डाव्या विंगेत, भिवा त्याच्या शेजारी स्टुलावर. पडद्याचा दोर पार उजव्या विंगेत. नेपथ्याची भिंत मागच्या भिंतीला अशी चिकटलेली की नाटक चालू असताना इकडचा माणूस तिकडे जाऊच शकत नाही. लवूकडे छोटी बॅटरी असायची. ती दोनदा उघडझाप केली की पडदा पडायचा.

साडेनऊला दुसरी घंटा झाली. मागचे दिवे घालवले. लवूनं हाका दिल्या.

"शब्द?"

"तयार."

"दिवे?"

"तयार."

"कपडे?"

"तयार."

"पडदा?"

थोडा वेळ काही नाही. मग उजवीकडून आवाज आला.

"तयार आसा."

लवूनं तिसरी घंटा दिली. हो, दिली. धाकू होता तोवर तीन वर्षं त्या हाकेला तेच उत्तर येत होतं, कानाला त्यात नवल वाटलं नाही. पडदा उघडला. आधी हातभर सावकाश, मग एका दमात. मी तिसऱ्या रांगेत शेजारच्याला म्हटलं, रामूचा हात बरा बसलाय.

पावणेदहाच्या सुमारास डावीकडचं मागचं दार हळूच ढकललं गेलं. रामू आत आला. घामानं निथळत होता.

"लवूदा, माका बोलू नको," तो कुजबुजला. "नाक्यावर सभा चाललीय, तासभर ट्राम जाग्यावर. उतरून धावत इलंय." त्यानं रंगमंचाकडे पाहिलं. "पडदो कोणी वडलो?"

लवूनं नुसतं उजव्या विंगेकडे बोट दाखवलं.

भिवानं पुस्तकातून मान वर केली. भिवा आदल्याच ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. भूत, देव, अंगात येणं, सगळं गटारात टाकून आलोय म्हणायचा, आणि त्याचा तो करारीपणा मला आवडायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याची ओळ चुकली. समोरचा नट तोंड उघडून उभा राहिला.

"भिवा, शब्द दे," लवू म्हणाला.

भिवानं शब्द दिला. नाटक पुढं सरकलं.

उजव्या विंगेत अंधार होता. दोर दिसत नव्हता. लवू बघत राहिला. अर्धा तास. पापणी न हलवता.

दहा वीसला पहिला भाग संपला. लवूनं बॅटरी दाबली. एकदा. दोनदा.

पडदा पडला. अगदी वेळेवर.

आता मधून पलीकडे जाता येत होतं. रामू जागचा हलेना. "माका नको धाडू," एवढंच म्हणाला. बाबुराव दिव्यांपाशी पाठ करून उभा. शेवंती फेटा हातात घेऊन थांबलेली. तिनंही तो आवाज ओळखला होता.

लवू गेला. बॅटरी बंद ठेवून.

खुर्ची ओलांडली. टेबल ओलांडलं. विंगेच्या तोंडाशी थांबला.

अंधार…

दोर डुलत होता. नुकताच सोडल्यासारखा. मग डुलायचा थांबला. हळूहळू नाही. एकदम… मुठीत धरल्यासारखा.

माणूस दिसत नव्हता. श्वास ऐकू येत नव्हता. पण समोर कोणी श्वास धरून उभं असलं की आपल्याला कळतं ना… तसं लवूला कळलं.

"धाकू," तो म्हणाला.

…

"पाय दुखतत काय रे?"

…

लवू तिथं किती वेळ उभा होता, त्याला सांगता आलं नाही. नंतर मला म्हणाला, "अण्णा, मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. फक्त एक मनात आलं. मी शब्द दिला नाही तर हा असाच येत राहील. प्रत्येक प्रयोगाला. प्रत्येक वेळी त्याचा आवाज ऐकू येईल." वर्षभरात त्याला काही हवंसं वाटलं, ते हे.

तो परत आपल्या जागी आला. घंटा दिली. पडदा उघडला, आधी हातभर, मग एका दमात. दुसरा भाग कसा झाला ते मला आठवत नाही. टाळ्या चांगल्या पडल्या, म्हणजे झाला असेल बरा.

अकरा चाळीसला शेवटचा पडदा पडला. नट रंग पुसायला पळाले. प्रेक्षक पांगले. नेहमीसारखा मी मागं गेलो. पाहतो तो कोणी हललेलं नाही. सगळे आपापल्या जागी.

लवूनं सुरुवात केली.

"शब्द, मोकळा."

भिवानं पुस्तक मिटलं. पण उठला नाही.

"दिवे, मोकळे."

"कपडे, मोकळे."

आणि थांबला.

बाहेर सभेवरून परतणारी माणसं घोषणा देत गेली. आवाज लांब गेला. मग तोही नाही.

लवूचे ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. त्याला किती जड होतं ते मला दिसत होतं, आणि मी सांगतो, त्या क्षणी मला माझ्या नियमाची लाज वाटली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. हे काम जॉबरचं होतं.

"पडदा…"

…

"पडदा…"

शेवंती हुंदका दाबत होती.

"तेरा महिने झाले अण्णा," लवू माझ्याकडे न बघता म्हणाला. "तो बसलासुद्धा नसेल."

मग तो सरळ उभा राहिला. पाळीवर हाक देतो तसा, मोठ्यानं.

"पडदा, मोकळा. जा बाबा धाकू. घराक जा."

काही झालं नाही. वारा आला नाही, दिवा विझला नाही. दोर लोंबत होता तसा लोंबत राहिला. लवू जिथं होता तिथंच फळ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडला. भिवा त्याला धरून बसला. आम्ही कोणी त्याला गप्प केलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता नेपथ्य हलवायला हातगाडी आली. लवू आणि भिवा दोघे हॉलवर गेले, मीही गेलो. उजव्या विंगेची खिडकी उघडल्यावर ऊन थेट दोराखालच्या फळीवर पडलं. आधी भिवानं पाहिलं आणि गुडघ्यावर बसून हात फिरवला.

रंगमंचाच्या फळ्या धाकू गेल्यानंतरच्या दिवाळीत नव्या ठोकल्या होत्या, माझ्याच देखरेखीखाली, चांगलं सागवान. तीन महिन्यांत त्याला ओरखडा पडला नसता. पण त्या एका फळीवर दोन खळगे होते. जुन्या देवळाचा उंबरा झिजतो तसे झिजलेले, गुळगुळीत, करंगळीच्या पेरभर खोल. किडकिडीत मुलाच्या अनवाणी पावलांचे. टाचा, चवडे, बोटंसुद्धा मोजता येत होती.

"मी भुतं मानत नाही," भिवा म्हणाला. हात मात्र त्यानं फळीवरून उचलला नाही.

दोर धरणारा माणूस दोराकडे तोंड करून उभा राहतो. सगळे तसेच राहतात, नाहीतर ओढताच येत नाही. त्या पावलांची बोटं दोराकडे नव्हती. ती डाव्या विंगेकडे होती, जॉबरच्या जागेकडे.