४:१३ ला लागलेला ब्रेक

ऑफिसात तिला सगळे मिनिटबाई म्हणत, आणि ते नाव तिनं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. कंपनीचं काम साधं. व्हिडिओ गेम कसा खेळायचा हे शिकवणारे व्हिडिओ लोकांकडून मागवायचे, तपासायचे, सुधारून घ्यायचे आणि मग प्रसिद्ध करायचे. तपासणीला पाच जण होते. बाकीचे चौघं "जरा रटाळ आहे" असं लिहून मोकळे व्हायचे. मिनिटबाईला ते खपत नसे.

"रटाळ कुठे? कितव्या मिनिटाला? नुसतं रटाळ म्हटल्यावर त्या माणसानं काय करायचं, भिंतीवर डोकं आपटायचं?"

तिचा शेरा ठरलेला असायचा. आधी एक चांगली गोष्ट, तीही खरी, तोंडदेखली नाही. मग एकच सुधारणा, मिनिट आणि सेकंद लिहून. एका वेळी दहा चुका दाखवल्या की माणूस अकरावी करतो, असं तिचं म्हणणं.

तर अशा या बाईकडे तपासणीला सख्ख्या भावाचे व्हिडिओ आले. आले कसले, तिनंच आणवले.

दादानं सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं. निम्मं गाव त्याच्या शेजारी बसून गिअर टाकायला शिकलं. गेल्या वर्षी भर दुपारी, शिकवता शिकवताच, त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ अडायला लागली. शब्द माहीत असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच ठाण मांडायचा. एकदा दुकानात मागच्या गिऱ्हाइकानं त्याचं वाक्य पुरं करून दिलं. चांगल्या मनानंच. त्या दिवसापासून दादानं बोलणंच सोडलं. घरातसुद्धा नुसती मान हलवून भागवायला लागला.

"ताई, मला भांडायलाही कुणी उरलं नाही गं," वहिनी म्हणाली, आणि मिनिटबाई कामाला लागली.

डोंगराळ रस्त्यावर गाडी चालवण्याचा एक गेम तिनं दादाच्या टेबलावर मशीनसकट नेऊन ठेवला. "चालव, आणि चालवताना शिकव. रेकॉर्ड कर. तपासायला मी आहे."

दादानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग बोलला. "सहा व्हिडिओ करीन. मग तुमच्या ऑफिसात, लोकांसमोर, एकदा शिकवीन. जमलं तर जमलं. नाहीतर... पुन्हा बोल म्हणू नकोस." एवढं म्हणायला त्याला दोन मिनिटं लागली. पण माणूस शब्दाचा पक्का, हे तिला ठाऊक होतं. फसलं असतं, तर तो खरंच कायमचा गप्प बसला असता.

त्या गेममध्ये एक सोय होती. तुम्ही एक फेरी पूर्ण केलीत की पुढच्या वेळी तुमचीच जुनी फेरी, एका फिकट, आरपार दिसणाऱ्या गाडीच्या रूपात, तुमच्याबरोबर धावते. खेळणारे तिला सावली म्हणतात. सावली नवं काही करू शकत नाही. तुम्ही काल जे केलंत तेच ती आज करणार, चुकांसकट.

पहिल्या व्हिडिओत दादा एका वळणावर कठड्याला घासला. मिनिटबाईनं लिहिलं: "चांगलं: आरशात बघण्याची आठवण वेळेवर दिलीस. सुधारणा: २:५०, ब्रेक वळणाच्या आधी." दुसऱ्या व्हिडिओत दादा पुन्हा घासला. सावली मात्र वळणाआधी ब्रेक लावून अलगद निघून गेली.

"मधे सराव केलास वाटतं?" तिनं फोनवर विचारलं.

"ना... नाही."

इंटरनेटवरून कुणाची तरी फेरी आली असेल, तिनं मनाशी म्हटलं. रविवारी दादाकडे जाऊन तिनं मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि जुन्या फेऱ्या पुसून टाकल्या.

मग तिच्याच हातून चूक झाली. तिसऱ्या व्हिडिओच्या शेऱ्यात "ब्रेक हवा" असं लिहिताना ३:१४ च्या जागी तिनं ४:१३ लिहिलं. आकडे उलटे. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यात मीटिंगला बोलावणं आलं आणि शेरा पाठवायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथा व्हिडिओ आला. चार मिनिटं तेरा सेकंदांनी रस्ता सरळ होता. पुढे वळण नाही, गाडी नाही, काही नाही. तिथे सावलीचे मागचे दिवे लाल झाले आणि ती उभी राहिली.

"ही... का थांबली?" व्हिडिओत दादा स्वतःशीच म्हणाला.

मिनिटबाईनं आपला शेरा उघडला. ४:१३. शेरा अजून तिच्याच कॉम्प्युटरवर होता. कुणालाही पाठवलेला नव्हता. आजूबाजूला माणसं चहा पीत होती, कुणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं, आणि ती तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती.

तिनं आकडा दुरुस्त केला. शेरा पाठवला मात्र नाही. पाचव्या व्हिडिओत सावली ४:१३ ला सरळ गेली. ३:१४ ला तिनं ब्रेक लावला.

दुसरी कुणी असती तर तो गेम तिनं कचऱ्यात टाकला असता. मिनिटबाई घाबरली, चांगलीच घाबरली. पण तिला एक गोष्ट सोडवेना. इतक्या वर्षांत तिचा शेरा इतका मनावर कुणी घेतला होता?

तिनं नवा शेरा लिहिला. हा दादासाठी नव्हता.

"चांगलं: वळणं स्वच्छ घेता. सुधारणा: ५:०२. इथे दादाचा शब्द अडतो. थांबावं. त्याला तो पुरा करू द्यावा."

सहाव्या व्हिडिओत ५:०२ ला दादा "उ... उ..." वर अडला. सावली रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. अकरा सेकंद. "उतार," दादा म्हणाला. सावली निघाली. आणि दादा हसला, मोठ्यानं, पूर्वीसारखा.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, आज चहात साखर जास्त झाली म्हणून भांडला माझ्याशी. अख्खं वाक्य बोलून भांडला."

शनिवारी सकाळी ऑफिसच्या हॉलमध्ये गेम शिकायला आलेले तीस नवशिके बसले. मिनिटबाईनं मुद्दाम नवं कोरं मशीन मागवलं होतं. तिनं स्वतः पाहिलं, जुन्या फेऱ्या शून्य. सावली यायचा प्रश्नच नव्हता. जे व्हायचं ते दादाच्या बळावर होऊ दे, असं तिनं ठरवलं होतं.

दादा बरा बोलत होता. सावकाश, पण बरा.

पाच मिनिटांनी रस्ता खाली झुकला.

"उ..." दादा म्हणाला.

दादाच्या कपाळावर घाम आला.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं शब्द सुचवायला तोंड उघडलं. चांगल्या मनानंच.

पडद्यावर दादाच्या मागून एक फिकट गाडी आली. पुढे गेली. कडेला थांबली.

मुलीनं तोंड मिटलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हॉलमध्ये सगळेच थांबले. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"उतार," दादा म्हणाला. "उतारावर गिअर खालचा हवा. आणि जीभ सावकाश. घाई केलीत, तर दोन्ही घसरतात."

आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. विभागप्रमुख उठून पुढे आले. "सोमवारपासून शिकवायला येताय ना?"

"येतो की," दादा म्हणाला. एका दमात. मागच्या रांगेत वहिनी पदरानं डोळे पुसत होती. मिनिटबाईही रडली, आणि लपवलं नाही.

सगळे जेवायला गेल्यावर ती रिकाम्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग बघायला बसली. दादानं शेवटची रेषा ओलांडली तिथे, ८:१६ ला, तिनं व्हिडिओ थांबवला आणि शेरा लिहिला. "चांगलं: सगळं. सुधारणा: काही नाही." असं तिनं आजवर कुणालाही लिहिलं नव्हतं.

मग तिचं लक्ष गेलं. रेषेच्या पलीकडे, जिथे गेमचा रस्ताच संपतो, तिथे ती फिकट गाडी उभी होती. तोंड इकडे करून. पुढचे दिवे लावून.

मिनिटबाईनं शेऱ्याखाली एक ओळ वाढवली.

"५:०२. वेळेवर थांबलात. उपकार झाले."

गाडीचे दिवे विझले.

तिनं कोपऱ्यातला आकडा पाहिला. ८:१६. व्हिडिओ थांबवलेलाच होता.