मागच्या फाटकाशी तांबडी

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. हे खोटं असतं तर मलाच सगळ्यात बरं वाटलं असतं.

पण मी तिथे होते. फाटक माझ्याच हाताने उघडलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. उसाची तोड चालू होती. अंथुर्ण्याच्या बाहेर रानात आमचं घर आहे. मी राजेश्वरी, बारामतीत शाळेत शिकवते. माझ्या वडिलांना, तात्यांना, अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष होऊन गेलं होतं. उजवी बाजू पार गेली होती. उजवा हात तर लाकडासारखा पडून असायचा. थंडीत त्यांनी जेवण सोडलं, तेव्हा मी रजा टाकून त्यांच्याजवळ राहायला आले. धाकटा भाऊ अविराज पुण्यात नोकरीला.

रात्रीचं यात काही नाही. सगळं भर दुपारी घडलं.

तात्या त्या दिवसांत एकाच गोष्टीबद्दल बोलायचे.

घोडी.

लहानपणी ते लासुर्ण्याला मामाकडे होते. मामाकडे तांबडी नावाची घोडी होती. खोगीर नाही, लगाम नाही. तात्या कुडावर चढायचे, तिच्या पाठीवर उडी टाकायचे आणि आयाळ धरून कालव्याच्या कडेने सुसाट सुटायचे.

"वारं कानात शिरायचं बघ," जड जिभेने ते सांगायचे. "डोळ्यातनं पानी यायचं. पर हात न्हाय सुटला कधी."

एवढं आम्ही भावंडांनी कितीदा तरी ऐकलं होतं. पुढचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी सांगितलं.

तात्यांना शिकायला बारामतीच्या बोर्डिंगात टाकलं. निघताना ते तांबडीला म्हणाले, आलोच मी. ती रोज दुपारी फाटकाशी येऊन उभी राहू लागली. चारा सोडला. मामांनी निरोप धाडला, पोराला एकदा पाठवा. पण तात्यांना तिकडे सोबती मिळाले होते, चेंडूफळीचा नाद लागला होता. गेलेच नाहीत.

दिवाळीला गेले, तेव्हा फाटक उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"ताटकळून मेली गं ती." तात्यांच्या डोळ्यातलं पाणी उशीवर गळत होतं. सत्तर वर्षं उलटून गेली होती, तरी.

मी त्यांचा चेहरा पुसत होते, आणि तेवढ्यात...

टप्... टप्... टप्...

घराच्या मागे. सावकाश. कुणीतरी चालत येत होतं.

माणसाची पावलं नव्हती ती.

मागच्या लोखंडी फाटकापाशी आवाज थांबला. मग एक लांब फुरफुर ऐकू आली.

मी खिडकीतून पाहिलं. मागचा ऊस नुकताच तुटला होता, पाचट पेटवून दिलं होतं. लांबवर नुसतं काळं रान. लपायला झुडूपसुद्धा नाही.

घोडा नव्हता.

बाहेर जाऊन बघितलं. फाटकाच्या पलीकडे राखेचा थर जसाच्या तसा होता. एकही खूर उमटलेला नव्हता.

परत आले तर तात्या हसत होते.

"आली न्हवं? दार उघड, राजे."

मी फाटकाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ती यायची, थांबायची. लोखंडावर अंग घासल्याचा आवाज यायचा. तात्या विनवायचे.

"उघड की गं. येकदा ठिवली तिला ताटकळत. आता पुन्यांदा न्हाय."

मी उघडत नव्हते. का, ते मला नीट ठाऊक होतं. ती आत आली तर तात्या राहणार नाहीत, असं मनाने घेतलं होतं.

शेजारच्या वस्तीवरच्या सिंधुबाई तात्यांचं अंथरूण बदलायला यायच्या. एका दुपारी चादर हातात तशीच धरून त्या थबकल्या.

"ताई, मागं कुणाचं घोडं आलंय?"

म्हणजे हे माझ्या डोक्यातलं नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांच्या छातीतून घरघर येत होती. नुसती हाडं उरली होती.

"उघडा मग," त्या हळूच म्हणाल्या. "जीव अडकलाय त्यांचा. किती हाल करनार?"

त्या गेल्या. मी अविला फोन केला. घोडीचं काही बोलले नाही. तात्यांचं खरं नाही, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला. वाटेत टायर फुटलं, खोळंबला. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, पाटस मागे टाकलंय. आलोच. तात्यांना म्हणावं, थांबा."

मी तात्यांच्या कानाशी वाकले. "तात्या, अवि येतोय. जवळ आलाय."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. समजलं होतं त्यांना.

आणि मागे...

टप्... टप्... टप्...

त्या दिवशी ती नुसती उभी राहिली नाही. फाटकावर लाथ बसली. मग दुसरी. कुलूप खडखडू लागलं. घरातली भांडी थरथरली. तात्या कण्हायला लागले. मी कानांवर हात दाबले, तरी आवाज थांबेना. कितीतरी रात्री मी झोपले नव्हते.

हे थांबावं, एवढंच मला हवं होतं.

मी उठले. किल्ली घेतली. कुलूप काढलं आणि फाटक सताड उघडलं.

समोर काळं रान. कुणी नाही.

पण गालाला गरम श्वास लागला. घामाचा, ओल्या गवताचा वास. माझ्या अगदी शेजारून काहीतरी मोठं आत गेलं. फरशीवर खूर वाजले. थेट तात्यांच्या खोलीपर्यंत.

मी दाराशी पोचले, तेव्हा तात्या हसत होते. लहान मुलासारखे, खळखळून.

"आलीस व्हय गं..."

मला रडू कोसळलं. वाटलं, बरं झालं. सुटले.

मग त्यांचं हसू थांबलं.

"थांब," ते म्हणाले. मला नाही. पलंगाच्या पलीकडे बघत. "जरा थांब की. माझा अवि यायचाय."

खूर हलले.

"अगं, थांब... पोरगं वाटंत हाय... थांब गं..."

मी धावले. "तात्या!" म्हणून त्यांना धरलं. खूर माझ्या बाजूने बाहेर निघाले. आधी सावकाश. मग दुडकी चाल. मग रानातून सुसाट.

ती थांबली नाही.

सगळं शांत झालं, तेव्हा तात्यांचे डोळे उघडेच होते. दाराकडे लागलेले.

अवि आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मी त्याला म्हटलं, झोपेतच गेले. सिंधुबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तात्यांना बाहेर घ्यायची वेळ झाली, तेव्हा माणसं अडली. तात्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची लोखंडी पट्टी धरली होती. दोन्ही. लाकडासारखा पडलेला तो उजवा हातसुद्धा. अविनेच खाली बसून एकेक बोट सोडवलं. पट्टीच्या कडेने तळवे कापले होते.

त्यानंतर त्याने कधीच काही विचारलं नाही. वर्षश्राद्धाला आला, तेव्हा मात्र सगळे जेवून गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, थोडं आधी पोचायला हवं होतं मी."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"एक सांगशील?" तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला. "झोपेत गेलेला माणूस इतकं घट्ट धरतो का गं?"

मी पदर तोंडाला लावला. तो समजला, ताईला रडू आलंय.

मला रडू येत नव्हतं. तोंडातून खरं बाहेर पडेल, याची भीती वाटत होती.