बैठकीतला हिरवा दिवा

संपत आला होता नुसती फ्यूजची तार घ्यायला.

राजूरला मंदिराच्या रस्त्यावर तातेरावांचं इलेक्ट्रिकचं दुकान. तातेराव जेवायला गेलेले, गल्ल्यावर त्यांची लेक कौसल्या. मधाच्या रंगाची काचेची शेड आली होती, ती लावून बघत होती. दिवा लागला आणि संपतच्या तोंडावर कोवळं ऊन पडलं.

"हे… केवढ्याला?"

"तार का दिवा?"

तो लाजला. आणि गंमत म्हणजे, तीही.

चालू.

मग तो दर बाजाराला येऊ लागला. केदारखेड्यात त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या. घरात तो आणि झुंबरआत्या. "आत्याला उजेड म्हंजे उजेड. तुम्हीच सांगा, घर घरासारखं कसं दिसल?"

कौसल्या शटर अर्धं ओढायची, एकेक दिवा लावून दाखवायची. देवघराला तांबूस. ओट्यावर पिवळा. पलंगाजवळचा निवडताना मात्र तिचा हात जरा रेंगाळला…

"तुम्ही तर स्वतःचंच घर सजवून राह्यल्या."

"गिऱ्हाईकाचं घर आपलंच समजावं, असं बाबा म्हणतात."

"बाबाच म्हणतात?"

ती हसली. मधाच्या रंगाची शेड तिनं त्याच्या बैठकीसाठी मागे ठेवली होती. सांगितलं नव्हतं.

बंद.

"बैठकीला एक द्या, जल्दी. रविवारी मुलीकडचे घर बघायला येऊन राह्यले. आत्यानं ठरवलं."

मुलीकडचे.

कौसल्यानं माळ्यावरून हिरवी शेड काढली. तिच्याखाली बसलेला माणूस आजारी दिसायचा. कुणी घेत नव्हतं.

"हाच?"

"बिलकुल शोभेल."

त्यानं तो नेला. त्या रात्री तिनं मधाच्या रंगाची शेड काढून पुन्हा पुसली. त्या घराचा एकेक कोपरा तिनं उजळला होता, आणि बैठक स्वतःच्या हातानं—

रविवारी 'मंदिरात जाऊन येते' म्हणाली आणि मधाची शेड ओढणीत गुंडाळून केदारखेड्याची एसटी धरली.

दारात आत्या, मागं संपत. "हीच का रे ती हिरव्या दिव्यावाली?"

"पाहुणे…?"

"नका येऊ म्हणून कळवलं," संपत म्हणाला. "दिवा लावला अन् आत्याला विचारलं, इतकं बराबर निवडणारीनं हे भूत माझ्या गळ्यात का बांधलं? आत्या हसतच सुटली. म्हणली, येड्या, पाहुणे पळावेत म्हणून!"

कौसल्याची मान वर होईना. "बदलून द्यायला आले…"

"राहू द्या. मला आवडला."

"आणि बाबा घर बघायला आले म्हणजे?"

बोलून गेली. जीभ चावली.

संपतनं स्टूल आणलं, दोन्ही हातांनी धरलं. तिनं चढून शेड बदलली. त्यानं बटण दाबलं.

काहीच नाही. लाईट गेलेली.

"मंग… येईस्तोवर थांबा की."

आत्यानं आत चहा ठेवला. कौसल्या हिरवी शेड मांडीवर घेऊन बसली.

"काय बघून राह्यल्या? लाईट न्हाई अजून."

"माहितीय," ती म्हणाली. ती दिव्याकडे बघतच नव्हती.