तिसऱ्या मजल्यावरचा काळा मासा

काल्बुबु आपांनी फोन उघडला आणि पाहिलं, तर टाकी रिकामी. झाडं होती, बुडबुडे होते, पण नऊच्या नऊ एंजलफिश गायब.

सकाळी आठला खाणं टाकलं तेव्हा सगळे होते. आता साडेअकरा.

फोनवरच्या खेळातलेच मासे, कुणी हसेलही. पण कमरेचं हाड मोडल्यापासून आपा पाच महिने चौथ्या मजल्यावर अडकल्या होत्या. लिफ्ट बंद, बाहेर गुडघाभर बर्फ. खाली उतरता येईना, म्हणून त्यांनी अख्खी इमारतच टाकीत आणली. प्रत्येक माशाला एकेका शेजाऱ्याचं नाव. सात पिढ्या जोड्या लावल्यावर पहिला काळा नर निपजला. तो सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा, म्हणून त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या खाष्ट म्हाताऱ्याचं नाव मिळालं, तोक्तोसून. त्याच्या मादीनं कालच अंडी घातली होती.

आपांना रडूच कोसळलं. पण तीस वर्षं पोलीस ठाण्यात जबान्या टाइप केलेली बाई ती; डोळे पुसून कामाला लागली.

खेळाच्या नोंदीत लिहिलं होतं, नऊ मासे, अंड्यांच्या पानासकट, 'खिडकी' नावाच्या टाकीला भेट दिले. ती टाकी आजच उघडलेली. कुणीही आत डोकावू शकतं, तशा आपा डोकावल्या. मासे सुखरूप होते. त्यांनी नऊही नावं वाचली, एक नाव दोनदा वाचलं. मग सकाळी येऊन गेलेल्या तिघांना परत बोलावून घेतलं.

"नुरिला, फोनला हात लावलास?"

"सुई टोचताना बाजूला ठेवला," नर्स म्हणाली. "आपा, मला घरची पोरं सांभाळवत नाहीत, तुमचे मासे कुठे सांभाळू?"

"कुबान, तू?"

"हीटर दुरुस्त करताना मागे उजेड पाडायला घेतला होता. खाली तोक्तोसूनकडेही तेच काम, विचारा त्याला."

"शाइरा?"

तोक्तोसूनची सून दाराशीच उभी होती. "मी नान घेऊन आले. तुम्ही गोळ्या घेत होतात, तेवढ्यात मासे पाहिले."

"काळा काय करत होता?"

"रागावले होते."

"कोण?"

शाइरानं मान खाली घातली. "ते... मोठे."

आपांनी नुरिला आणि कुबानला घरी पाठवलं.

"चोरानं आठ नावं तशीच ठेवली," त्या म्हणाल्या. "तोक्तोसूनचं तेवढं 'घरचे मोठे' केलं. नुरिला त्याला नाव घेऊन शिव्या घालते. कुबाननं आत्ता माझ्यासमोर त्याचं नाव घेतलं. रीतीमुळे ते नाव तोंडी न घेणारं या इमारतीत एकच माणूस, त्याची सून. आपल्या टाकीत, कुणी बघत नसतानाही, तुला माशाला सासऱ्याचं नाव ठेववलं नाही, पोरी."

शाइराच्या डोळ्यांना धार लागली. "मी विकणार नव्हते, आपा."

"मग का नेलेस?"

"गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, आता नर्स येते, तू रोज चढू नकोस. नवरा रशियात. सासरे दुसरीकडे कुठेच सोडत नाहीत. आज नान द्यायचं निमित्त काढून आले. म्हटलं, मासे गेले की मग तरी बोलवाल."

पोरीचे पाय वाचावेत म्हणून आपा तसं बोलल्या होत्या. तिला दुसरं दारच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी खालच्या मजल्यावर फोन लावला. "तोक्तोसून, माझ्याकडे चोरी झालीय."

"तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

"ते तपासात कळेल. तुझी सून मुख्य साक्षीदार आहे. रोज सकाळ-संध्याकाळ जबानीला पाठव."

"किती दिवस?"

शाइरानं आपला फोन पुढे धरला होता. पानावरची अंडी फुटू लागली होती.

"तपास लांबणार," आपा म्हणाल्या. "अजून बऱ्याच जणांची नावं ठेवायची आहेत."