खिडकीखालची जागा

कौसाबाईची आई कोकणातली. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा तिचा धाक. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. जे माणूस नाही, ते एकदाच हाक मारतं. कौसाबाईनं हा नेम जन्मभर पाळला. पण आमेनचं काय करायचं, ते आईनं कुठं सांगितलं होतं? आईला बिचारीला आमेन ठाऊकच नव्हतं.

झालं असं, की नवरा गेला, लेक बायकोला घेऊन पुण्याला गेला, आणि बदलापुरात मांजर्लीच्या खोलीत कौसाबाई एकटी उरली. दिवस दिवस तोंड उघडायला माणूस नाही. भाजीवाल्याशी उगाच भाव करायची, तेवढाच स्वतःचा आवाज कानावर पडायचा. भिंतीपलीकडच्या इंदुबाईनं मग एका रविवारी तिला प्रार्थनेला नेलं. नदीच्या अंगाला पत्र्याचा हॉल, भिंतीवर साधा लाकडी क्रूस, खाली सतरंज्या; एकीकडं पुरुष, एकीकडं बाया. कौसाबाई आपली खिडकीखालचा कोपरा बघून टेकली. बायांनी तिच्याकडं पाहिलं, मग एकमेकींकडं पाहिलं, आणि सरकून मांडीला मांडी लावून बसल्या. कुणी नाव विचारलं, कुणी जेवलीस का म्हणून विचारलं. त्या दिवशी घरी येऊन ती रडली, ती सुखानं.

इंदुबाईनंच सगळं शिकवलं. डोक्यावर पदर घ्यायचा, डोळे मिटायचे, दुसऱ्याची प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं.

"आमेन म्हणजे असंच होवो. एकदा म्हटलंस की ती प्रार्थना तुझीपण झाली. झोपेत म्हणू नको हो, तुझं घोरणं ऐकते मी भिंतीतून."

पुढं हॉलची किल्लीच कौसाबाईच्या पदराला आली. शनिवारी झाडायचं, सतरंज्या घालायच्या. तिला त्या किल्लीचा दागिन्यासारखा अभिमान.

भाद्रपदातला शनिवार होता. ढगाळ दुपार, पान हलत नव्हतं. कुत्री शिरतात म्हणून तिनं दाराला आतून कडी घातली, फिनेलनं फरशी पुसली. भिंतीवर जुन्या पुराची रेघ होती. रंग दिला की लपायची, पावसाळा आला की पुन्हा वर यायची. खिडकीखालची सतरंजी घालून ती पुरुषांच्या बाजूला वळली, तोच फिनेलचा वास मावळला आणि दुसराच वास आला. नदीचं पाणी घरातून उतरल्यावर येतो ना, तसा गार, कुजका, गाळाचा. आणि पाठीमागून बाईचा आवाज. हलका, प्रार्थनेचा.

कुणी ना कुणी अधूनमधून येऊन प्रार्थना करून जायचं, त्यात नवल नव्हतं. कौसाबाईनं सवयीनं झाडू खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले.

"प्रभू... फार लांबून आले. माझी जागा मला दे... बहिणीच्या हातात माझा हात दे... आणि तिच्या घरी मला आसरा दे..."

एवढंसं तर मागणं. कौसाबाईचं काळीज भरून आलं. तिनं स्वतः तरी दुसरं काय मागितलं असतं?

"आमेन," ती म्हणाली.

आणि मग तिला कडी आठवली.

वळून बघते तर कडी जागच्या जागी. हॉल रिकामा. खिडकीखालची सतरंजी तेवढी ओली, मांडी घालून बसलेल्या बाईएवढी.

संध्याकाळी इंदुबाई मेथी निवडत होती. कौसाबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्याआधी खिडकीखाली कोण बसायचं? इंदुबाईचा हात थांबला. मग तिनं सांगितलं. तुळशी म्हणून बाई होती, पुढंमागं कुणी नसलेली. पुराच्या वेळी सतरंज्या भिजतील म्हणून हॉलवर धावली, ती परतली नाही. नदीनं तिला परत दिलंच नाही. तिच्या जागेवर मग कुणी बसेना.

"आणि तू आलीस ती नेमकी तिथंच बसलीस. म्हटलं, बरं झालं. जागा भरली."

आमेनचं ओठांवर आलेलं कौसाबाईनं गिळलं. सांगितलं तर सगळ्या आपल्यासाठी प्रार्थना करतील, डोक्यावर हात ठेवतील, हे तिला माहीत होतं. पण मग ती त्यांची ताई राहणार नाही, बाधा झालेली बाई होईल. तिच्यापासून सगळ्या जरा अंतर राखून बसतील. त्या अंतराची तिला नदीपेक्षा भीती वाटली.

रविवारी ती मागं दाराशी बसायला गेली, तर बाया हसायला लागल्या. "अगं कौसाताई, तिकडं काय चपला राखतेस? तुझी जागा इथं." गेली. बसली. सतरंजी कोरडी होती. एरवी रिक्षा चालवणारे पास्टर धर्मराज शेवटच्या प्रार्थनेला नेहमीसारखं म्हणाले, "शेजाऱ्याचा हात धरा." उजवा हात इंदुबाईनं धरला. डावीकडं खिडकीची भिंत. कौसाबाईनं डोळे घट्ट मिटले.

डाव्या तळव्यात हात आला. गार. ओला. नखांत रेती.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. ती ओठ दाबून बसली. पण एकदा म्हटलेलं परत कसं घ्यायचं? इंदुबाईनं हात सोडला. डावा हात थोड्या वेळानं सुटला.

त्या दिवशी ती घरी जाईना. इंदुबाईकडं जेवली, तिथंच लवंडली, चहा झाला, भांडी घासून दिली. शेवटी इंदुबाईच म्हणाली, "आता जा बाई, दिवेलागण झाली."

कौसाबाईनं आपल्या दाराचं कुलूप काढलं, दार ढकललं. उघडेना. आतून कडी होती.

उंबऱ्याखालून गाळाचा वास आला. आतून कुणीतरी दबक्या आवाजात, मायेनं हाक मारली.

"ताई..."

त्या घरातून तिला कुणी हाक मारून किती काळ लोटला होता. कौसाबाईनं ओ दिली नाही. दाराला हात टेकवून ती दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली. ती यावी असं वाटत होतं की येऊ नये, ते तिचं तिलाच कळेना.